वरातीची गाडी खाली बसली, मग उद्यमनगरातलं हे गॅरेज

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

आमचा धंदा लग्नाला गाड्या भाड्यानं द्यायचा. वरातीसाठी एक जर्मन सेडान ठेवलीय, 2014 ची, सेकंड हँड. चारी चाकांवर लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे, म्हणजे एअर सस्पेन्शन. ते धड असतील तोवर मागे बसलेल्या नवरीच्या मुंडावळ्यासुद्धा हलत नाहीत. पण आपल्याकडचा उन्हाळा, धूळ आणि खड्डे यांत रबर कधी ना कधी चिरतंच, आणि मग डॅशबोर्ड बोलायला लागतो.

मेसेज दोन जातीचे असतात. पिवळा सांगतो, राइड कम्फर्ट कमी झालाय. तो बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक भानगडीचा: शॉकअपचा व्हॉल्व्ह, उंची मोजणारा सेन्सर, त्याची छोटी प्लॅस्टिकची दांडी, नाहीतर उंदरानं कुरतडलेली वायर. गाडी चालते, फक्त कडक होते. तांबडा म्हणतो, थांबा, गाडी फार खाली आहे. तो आला की बाजूला घ्यायची. तशीच रेटली तर टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासतो.

आमच्या गाडीला आधी पिवळा आला. मग पुढचं डावं चाक रात्रीत बसायला लागलं. सकाळी स्टार्ट केली की फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघर करत तिला उठवायचा. ऐन तिथीच्या सकाळी ती उठलीच नाही आणि तांबडा मेसेज आला. त्या लग्नाला दुसऱ्याची गाडी दुप्पट भाड्यानं घेऊन पाठवली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावला आणि चहा संपायच्या आत एस्टिमेट हातात दिलं. पुढचे दोन्ही एअर शॉकअप (फुगा आणि शॉकअप मिळून एकच भाग), कॉम्प्रेसर, लेबर, जीएसटी धरून सव्वातीन लाख. गळती नेमकी कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "सर, यात असेंब्लीच बदलतात." अहो, पण कुठली?

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी स्कॅनर सगळ्यात शेवटी काढला. आधी मेजरटेप. चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारी कोपऱ्यांत माप घेतलं, खडूनं तिथंच काचेवर लिहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या रातभर. सकाळी बघू कोण खोटं बोलतंय." सकाळी तीन कोपरे जवळपास जागेवर, पुढचा डावा चार बोटं खाली. मग चाक काढलं, साबणाच्या पाण्याचा फवारा. नळीच्या जोडावर काही नाही, चारी फुग्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर काही नाही. फुग्याचा रबर खाली जिथे दुमडतो तिथे मात्र बारीक पांढरा फेस धरला. मला वाकायला लावून बॅटरीच्या उजेडात दाखवला. घडीत केसासारख्या चिरा होत्या. उजव्या बाजूला फेस नाही, म्हणून तिकडचा शॉकअप बदलायचा नाही. एवढं सरळ गणित तिकडे कुणी मांडलं नव्हतं.

कॉम्प्रेसरला गेज लावलं, दाब भरत होता. तरी त्याचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा स्विच, बदलला. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत पळतो, रिले तापून चिकटतो आणि मग गाडी बंद असतानाही कॉम्प्रेसर चालू राहून जळतो. काही शे रुपयांचा रिले वाचवायला गेलं की आख्खा कॉम्प्रेसर बोडक्यावर बसतो. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणेही बदलले.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. नवा शॉकअप बसवला की गाडीची उंची कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावी लागते, आणि त्याला गाडी सपाटीवर हवी. यांच्या शेडची फरशी कसली सपाट! तर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणली, चारी चाकांखालची लेव्हल बघितली, कमी पडलं तिथे पत्र्याचे तुकडे सारले. मग टायरची हवा बघून कॅलिब्रेशन. जर्मन इंजिनिअरनं हे बघितलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे, पण गाडी सरळ उभी आहे.

सगळं मिळून 88 हजार. शॉकअप बाहेरच्या कंपनीचा, वर्षाची वॉरंटी. "वरिजनलएवढा टिकणार न्हाई," हे पैसे घेण्याआधी सांगितलं.

हवा काढून साध्या स्प्रिंगा टाकून द्या, असा सल्ला बरेचजण देतात. इथे तेही काम होतं, पण त्यांनीच मला परावृत्त केलं. मॉड्यूलचं, म्हणजे सस्पेन्शनच्या कॉम्प्युटरचं, कोडिंग केलं नाही तर मेसेज कायमचा राहतो, आणि बटण दाबून गाडी उचलायची सोय जाते. ती सोय आम्हाला लागतेच. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या नियमात स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच होता. आमच्याकडच्या गावात तो हातभर रुंद आणि उंची सरपंचाच्या मर्जीवर.

आता कापलेला स्टार. पिवळा मेसेज यांना सुटला नाही. अधूनमधून यायचा, जायचा. दोनदा सेन्सर पुसून दिला, पुन्हा तेच. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियननं 12 व्होल्टची बॅटरी बदलली तेव्हा बंद झाला. व्होल्टेज पडलं की या गाड्यांचे मॉड्यूल काहीबाही बोलतात. म्हणजे रबर, हवा, नट-बोल्ट इथे. वायरिंगचं दुखणं दुसरीकडे. शिवाय पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि फोन उचलणं हा प्रकार नाही. समोर जाऊन उभं राहायचं.

गाडी पूर्वीसारखी मऊ झाली का? जवळपास. उरलेला कडकपणा रनफ्लॅट (पंक्चर झाला तरी थोडं अंतर चालणाऱ्या) टायरचा आहे, त्याच्या बाजूच्या भिंतीच जाड असतात. त्याला मिस्त्री काय करणार.

बंद गाडी न्यायची झाली तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर चढवूनच न्या, हुक लावून ओढू नका. पंक्चरवाल्यालाही जॅक लावायच्या आधी सांगा की एअर सस्पेन्शन आहे, मेनूत जाऊन लेव्हलिंग, म्हणजे गाडी आपोआप उंची सावरते ते, बंद करायचं असतं. आणि तुळशीच्या लग्नानंतर जाऊ नका, तेव्हा आमच्यासारख्यांच्याच गाड्या तिथे रांगेत असतात.