बुजरं बछेरं: चाबुकस्वाराकडे द्यावं की घरीच धीरानं हाताळावं?

लोहा तालुक्यातल्या माळेगावात मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात दोन-अडीच वर्षांची बछेरी, म्हणजे घोड्याची तरणी पिल्लं, कधीकधी बऱ्याच कमी भावात मिळून जातात. भाव पडायचं एक मोठं कारण म्हणजे ती अंगाला हात लावू देत नाहीत. मराठवाड्यात रानटी घोडे नाहीत. मोकाट कळप बघायचे तर आसामात दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात जावं लागेल. पण मेंढरांमागं मोकळं चरत वाढलेलं आणि माणसाचा हात फक्त धरपकडीपुरता ठाऊक असलेलं बछेरं वागायला त्यांच्यासारखंच असतं. ते दारात आलं की दोन वाटा उरतात.

पहिली वाट झटपट, चाबुकस्वाराची, म्हणजे घोडा फिरवून शिकवणाऱ्याची. अगाडी-पिछाडी ठोकायची, म्हणजे पुढून-मागून दोरांनी खुंट्यांना बांधायचं, खुराक तोडायचा, नांगरलेल्या काळ्या रानात दमेस्तोवर गोल पळवायचं आणि उभं राहिलं की पाठीवर पोतं टाकायचं. पंधरा दिवसांत माणूस वर बसतो. हे खोटं नाही, आणि सगळे चाबुकस्वार आडदांड असतात असंही नाही. काहींचा हात फार हलका असतो. पण दमवून उभं केलेलं जनावर शांत झालेलंच असतं असं नाही. सुटका नाही हे कळल्यावर ते नुसतं थिजतं. मान ताठ, नाकपुड्या आवळलेल्या, डोळ्याची पांढरी कड दिसतेय, असं उभं असेल तर भीती आत तशीच आहे. ती बाहेर पडते वरातीत, डॉल्बी दणाणायला लागल्यावर, आणि तेव्हा पाठीवर नवरदेव असतो.

दुसरी वाट धीराची. यात दोराचं काम कमी आणि पायांचं जास्त. बांबूचं गोल आवार करून पाणी-वैरण आतच ठेवा. आत जाताना सरळ तोंडासमोरून जाऊ नका. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा सोडून. म्हणून खांद्याच्या रोखानं, तिरपं, नजर खाली ठेवून चाला. एक कान तुमच्याकडे वळला आणि अंग आक्रसलं की तिथंच थांबा. ते जरा सैलावलं की तुम्ही दोन पावलं मागं या. सगळी मेख या मागं येण्यात आहे. घोडा शिकतो तो दाब, म्हणजे तुमच्या जवळ येण्याचा ताण, सुटतो त्या क्षणी. पळाल्यावर दाब सुटला तर पळायला शिकतो, उभं राहिल्यावर सुटला तर उभं राहायला.

पहिला हात नाकाला लावायचा मोह आवरा. आयाळ संपते तिथं, मान आणि पाठीच्या सांध्यावर खाजवा. घोडे एकमेकांना दातांनी तिथंच खाजवतात. चांगलं लागलं की वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागतो, मान खाली येते, मागचा एक पाय ढिला पडतो. मग हात काढून घ्या, त्याला अजून हवं असतानाच. ओठ चाटले म्हणजे घोड्यानं मानलं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी त्यावर फार विसंबत नाही, नुकतंच घाबरून सावरलेलं जनावरही ओठ चाटतं. हरभरा तोबऱ्यातूनच द्या. हातानं चारलं की बोटं चावायची खोड लागते. खुराक एकदम वाढवू नका, घोड्याला उलटी होत नाही आणि पोटशूळ जीव घेतो.

पैशांचं म्हणाल तर चाबुकस्वाराला एकदाच मोजावे लागतात. धीराच्या वाटेला पैसा कमी, पण रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास लागतो, आणि तोही एकाच माणसाचा. आज थोरला, उद्या गडी असं चालत नाही. मोहरकी, म्हणजे तोंडाला बांधायची दोरी, घालू देईपर्यंत काही आठवडे जातात, खोगिरापर्यंत काही महिने. यात्रेनंतर लगेच ज्वारी-हरभऱ्याची काढणी येते, त्यामागोमाग लग्नसराई. याच हंगामात वरातीला उभं करायचं असेल तर बुजरं बछेरं घेऊच नका. सरळ हातावरची पोक्त घोडी घ्या, भाव जास्त पडला तरी. घरात लहान लेकरं असतील तरी तेच.

बछेरं आणलंच असेल तर माझं मत धीराच्या बाजूनं आहे, आणि त्याला हाडाचंही कारण आहे. घोड्याच्या मणक्यांची वाढ पाचेक वर्षांपर्यंत चालू असते. अडीच वर्षांच्या पाठीवर घाईनं बसून मिळवायचं काय? तेवढा काळ हाताळणीत घालवला तर काही बुडत नाही. चाबुकस्वार लावायचाच तर पुढं, खोगिराच्या वेळी लावा, आणि आधी त्याच्याकडची दुसरी जनावरं बघून या. तो जवळ गेल्यावर ती मागं सरकतात की मान पुढं करतात, एवढं बघितलं तरी पुरे.

बाजारात भाव ठरवण्याआधी विकणाऱ्याला पुढचा पाय उचलून दाखवायला सांगा. पाय उचलू देत नसेल तर नालबंदाचं काम कित्येक दिवस अडणार, तेवढं किमतीतून कापा. आणि घरी आणल्याबरोबर डॉक्टरला बोलावून धनुर्वाताची लस टोचून घ्या. घोड्याला तो फार लवकर होतो, आणि बुजरं जनावर पहिल्या आठवड्यात कुंपणाला अंग घासून घेतंच.