कोव्हिफेन्झ: पानांत तयार झालेली लस घेतल्यावर

मी मॉन्ट्रियलला राहते, शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. त्यामुळे क्वेबेकच्या मेडिकागो कंपनीला करोनाच्या लशीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीसाठी माणसं हवी आहेत हे कळताच नाव दिलं. खरी लस मिळाली की खोटी, हे अर्थातच नंतर कळलं. मला खरी मिळाली होती.

पुण्याहून पहिला प्रश्न आला, "अगं, तंबाखूची लस?" तंबाखूचीच भावकी, पण विडीतली नव्हे. निकोटियाना बेंथामियाना ही मूळची ऑस्ट्रेलियातली रानटी जात. विषाणूंना अडवणारी तिची यंत्रणा अर्धवट मोडलेली आहे, म्हणून बाहेरून दिलेलं जनुक ती बिनतक्रार चालवते. झाड उलटं धरून पानं ते जनुक वाहून नेणारे जिवाणू मिसळलेल्या पाण्यात बुडवतात आणि भोवतीची हवा ओढून घेतात. हवा परत सोडली की ते पाणी पानांत शिरतं. काही दिवसांत पेशी करोना विषाणूवरच्या काट्याचं प्रथिन बनवतात आणि त्यातून विषाणूसारखे दिसणारे कण आपोआप जुळतात. आत विषाणूचं जनुक नसतंच, त्यामुळे त्यातून करोना होण्याची भीती नाही. फ्लूच्या बहुतेक लशींना कोंबडीची अंडी लागतात, तीही इथे नकोत. पूर्ण शाकाहारी मात्र म्हणणार नाही, कारण लशीचा परिणाम वाढवायला सोबत मिसळायच्या, जीएसके या औषध कंपनीच्या द्रावणात शार्कच्या यकृतातलं स्क्वालीन हे तेल असतं.

डोस दोन, २१ दिवसांच्या अंतराने. पहिल्याला नुसता दंड दुखला. दुसऱ्याला कणकण, अंगदुखी आणि रात्रभर कूस बदलणं. सकाळी कामावर गेले.

सुमारे २४,००० जणांच्या चाचणीत लक्षणं असलेल्या करोनापासून ६९.५ टक्के संरक्षण दिसलं, तेही ओमिक्रॉनच्या आधीच्या उपप्रकारांविरुद्ध. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण भरवशाचा आहे. शिवाय २ ते ८ अंशांत टिकते, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्येही राहिली असती.

फेब्रुवारी २०२२मध्ये कॅनडाने १८ ते ६४ वयासाठी मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने दार लावलं, कारण कंपनीत फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचा हिस्सा. याचा मला मनापासून राग आला, पण संघटनेवर नाही. सिगारेट विकणाऱ्याच्या पैशाला लशीच्या वाटेने प्रतिष्ठा मिळू नये, हे बरोबरच आहे. राग येतो तो चांगलं विज्ञान अशा पैशावर उभं करावं लागतं याचा. २०१४च्या इबोलात वापरलेली झीमॅप ही प्रतिपिंडंही याच झाडात, एका तंबाखू कंपनीच्याच अमेरिकेतल्या केंटकीमधल्या उपकंपनीत बनली होती. फेब्रुवारी २०२३मध्ये मित्सुबिशी केमिकल या जपानी मालक कंपनीने मेडिकागो बंद करत असल्याचं जाहीर केलं.

लशीला पाचपैकी चार. आज ती कुठेच मिळत नाही. याच झाडातली फ्लूची लस एखाद्या सरकारी संस्थेने काढली, तर चाचणीला मी पुन्हा नाव देईन.