शिडाच्या बोटीवर कुत्र्यासाठी कृत्रिम हिरवळ: अख्खा मोसम वापरल्यानंतर

कुत्र्याने बोटीवरच शी-शू करावी म्हणून घेतलेल्या हिरवळीच्या चटईच्या कोपऱ्यातलं आयलेट (दोर ओवायची धातूची रिंग) सुटलं आणि चटई प्रवाहाबरोबर चालती झाली. डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, मागे बांधलेलीच होती म्हणून जाऊन पकडून आणता आली, नाहीतर हा अभिप्राय याहून पुष्कळ कडवट झाला असता. चटईची लांबी-रुंदी, खालच्या ट्रेची उंची, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे पुन्हा लिहीत नाही. मला बोलायचंय ते आयलेटबद्दल.

कुत्रा घेऊन बोटीवर न राहिलेल्यांना एवढ्याशा रिंगेचं काय ते कौतुक, असं वाटेल. पण ही चटई धुवायची रीतच मुळी तिच्यावर अवलंबून आहे. कोपऱ्याला दोर बांधायचा, नांगरावर असताना चटई पाण्यात सोडायची, लाटांना त्यांचं काम करू द्यायचं आणि मग वर ओढायची. पाणी प्यायलेली चटई भलतीच जड होते, आणि ते सगळं वजन एका बोटभर छिद्रावर येतं. खोक्यावरच्या चित्रातसुद्धा आयलेटमधून दोर ओवलेला दाखवलाय. म्हणजे हा वापर आमच्या डोक्यातून निघालेला नाही.

लिहिलं होतं ‘मरीन ग्रेड स्टेनलेस’. थोड्याच दिवसांत पांढऱ्या डेकवर तांबूस ओघळ दिसायला लागले. चुंबक लावून पाहिलं तर आयलेट असं चिकटलं की चुंबकाबरोबर चटईचा कोपराही वर आला. कंपनीकडे तक्रार केली. तिकडचा माणूस म्हणाला, “मॅडम, स्टेनलेसला ठोकून आकार दिला की थोडं चुंबकत्व येतंच.” हे खरं आहे, ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसच्या बाबतीत तसं होतं. पण खपल्या निघेपर्यंत गंज? समुद्रावर ३१६ जातीचं स्टेनलेस वापरतात ते त्यातल्या मॉलिब्डेनममुळे, कारण मिठाने पडणारे खड्डे ते बऱ्यापैकी रोखतं. हे मी त्याला सांगितलं. त्यावर उत्तर आलं की खाऱ्या पाण्यातला वापर वॉरंटीत बसत नाही. बोटीसाठी म्हणून विकलेली वस्तू! मग ती कुठल्या पाण्यात वापरायची होती, या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

असो. खुद्द चटईबद्दल माझं मत मात्र पार बदललं आहे.

सुरुवातीला मला हा सगळा प्रकार चोचले वाटत होता. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ डिंगीतून किनाऱ्यावर न्यायचं, झालं. आमच्या कुत्र्याला, भुऱ्यालाही तसंच वाटत असावं, कारण तो चटईकडे ढुंकूनही पाहायचा नाही. तिला वळसा घालून जायचा आणि रात्रभर दाबून ठेवायचा. मग किनाऱ्यावर त्याने केल्यावर ते कागदाने टिपलं आणि तो कागद चटईत दाबला. तरी नाही. शेवटी एका लांबच्या टप्प्यात, वारा पडलेला, बेट क्षितिजावर नुसतं टांगल्यासारखं, अशा वेळी साहेब उठले, चटईवर गोल फिरले आणि कार्यक्रम उरकला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. हसू नका, तुम्हीही वाजवाल.

तेव्हापासून नांगर टाकायची जागा निवडणंच बदललं. आधी ‘डिंगी लागेल असा किनारा आहे का’ हा पहिला प्रश्न असायचा, त्यापायी आम्ही लाटा येणाऱ्या उघड्या जागीही थांबायचो. आता खडकाळ कड्याखालची शांत जागा चालते. रात्री वारा चढला, नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या सातपट सोडून बसलो, तरी पहाटे भिजत डिंगी काढायची गरज नाही. आणि परक्या देशात शिरताना तर दुसरा इलाजच नसतो. तपासणी बाकी असल्याची खूण असलेला पिवळा झेंडा उतरेपर्यंत माणसांनाच उतरता येत नाही, तिथे कुत्र्याचं काय! ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये बोटीने आलेला कुत्रा तसाच किनाऱ्यावर नेता येत नाही. गालापागोसला तर पाळीव प्राणी आणायलाच बंदी. रेबीज नसलेल्या बेटांवर चिप, लस, रक्तचाचणीत रेबीजविरोधी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला किमान ०.५ आययू, असे कागद तपासून होईपर्यंत भुऱ्याची जमीन म्हणजे ही चटईच.

चटई ठेवायची कुठे, याबद्दल खोक्यावर अक्षरही नाही. बहुतेक जण नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला ठेवतात, आम्हीही ठेवली. पण नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. म्हणजे नाळेवरचा वास वाऱ्याबरोबर पुढच्या हॅचमधून (डेकवरच्या झडपेतून) थेट अंथरुणात. तेही हॅच वारा आत घ्यावा म्हणून मुद्दाम उघडं ठेवलेलं. आता नांगर बसला की चटई मागे, शिडीशेजारी. शिडं चढवलेली असताना कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, कारण बोट कललेली असताना कुत्र्याला नाळेवर पाठवायची माझी छाती नाही, लाइफलाइनला (डेकच्या कडेच्या तारांना) जाळी असली तरी.

उन्हात चटई भयंकर तापते. प्लॅस्टिकच ते, खऱ्या गवतासारखा ओलावा सोडून थंड होणार थोडंच! तळहात टेकवत नसेल तर पंजेही टेकणार नाहीत. समुद्राचं पाणी ओतलं की निवते, पण मग भुऱ्या ते चाटतो, आणि खारं पाणी पोटात गेलं की आधी जुलाब, जास्त गेलं तर मीठच अंगात भिनतं, जिवावर बेतू शकतं. म्हणून शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा लागतो. टाकीतलं गोडं पाणी मी भांड्यांनासुद्धा मोजून देते, ते कुत्र्याच्या संडासावर ओतताना जीव तुटतो. पावसाची सर आली की पहिली चटई बाहेर, मग बादल्या.

आणखी एक. पाती झडतात. बादलीत धुतली तेव्हा तळाशी हिरवा चुरा दिसला आणि इतके दिवस तो थेट समुद्रात जात होता हे कळलं. आता लाटांवर सोडणं बंद. बादलीतच धुते आणि पाणी फडक्यातून गाळते. कष्ट वाढलेत, पण आयलेटवरचा भार गेला.

तरी आयलेट मी तसं सोडलेलं नाही. नवऱ्याने चारही काढून फेकले आणि कोपऱ्यांना जुन्या सेफ्टी बेल्टच्या पट्टीचे फास शिवून दिले, शिडं शिवायच्या सुईने, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने. पट्टी अर्धी संध्याकाळ खाऊन गेली, खर्च शून्य. जे काम आम्हाला भंगारातून जमतं ते कारखान्यात का जमू नये?

घ्यायची असेल तर लहान माप घ्या. मोठी चटई भिजल्यावर एकट्याने उचलत नाही, आणि कुत्रा तसाही एकाच कोपऱ्यात करतो. वासासाठी व्हिनेगर चालतं, अमोनियाचा भपका कमी होतो. कंपनीचा वेगळा ‘क्लीनर’ घेऊ नका. तक्रारीवर परवा नवा निरोप आलाय: चटई धुऊन, वाळवून, आमच्या खर्चाने परत पाठवा, मग विचार करू. मी पट्टीच्या फासांसकट फोटो पाठवला आणि फक्त चार आयलेट पाठवायला सांगितले, पितळेचे.