बेळगावात पांढरा हायब्रीड टी गुलाब : एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर लावलेली पांढऱ्या गुलाबाची कलमं आता दुसऱ्या हिवाळ्याच्या बहरावर आहेत. मधे एक सबंध पावसाळा गेला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. गुलाबाची जी माहिती सगळीकडं फिरते ती बहुतेक पुण्या-नाशकाच्या हवेची. आपल्याकडं घाट जवळ, त्यामुळं पाऊस नुसता पडून जात नाही, मुक्कामाला येतो.

निकाल आधीच सांगते. बेळगावात पांढरा हायब्रीड टी (लांब दांड्यावर मोठं, रेखीव फूल देणारा गुलाब) घ्यायचा तो कार्तिक ते माघ एवढ्यातल्या फुलांसाठी. बाकीचे महिने झाड जगवायचं. ज्यांना बारमाही पांढरं फूल हवंय त्यांनी तगर लावावी आणि सुखानं झोपावं.

माझ्याकडं तीन जाती आहेत. पास्काली आणि डॉ. होमी भाभा अनगोळच्या घरी कंपाऊंडला लागून जमिनीत, आणि जॉन एफ. केनेडी मोठ्या कुंडीत. पास्काली ही बेल्जियमच्या लुई लेन्सची, १९६३ची जात. १९९१ साली तिला जागतिक गुलाब संघाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जागा मिळाली. फूल फार मोठं नाही, पण आकार रेखीव, दांडा सरळ आणि झाड फुटव्याला उदार. वास मात्र जवळजवळ नाहीच. पाहुणे आले की आधी नाक लावतात आणि मग माझ्याकडं बघतात.

केनेडी १९६५चा. कळी हिरवट, थंडीत सावकाश उमलते, आणि पूर्ण उमललेलं फूल बघितलं की पास्काली विसरायला होते. पण नखरे त्याचेच सगळ्यात जास्त. होमी भाभा ही डॉ. बी. पी. पाल यांनी तयार केलेली जात. पाल मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, आणि गुलाबाच्या जाती काढायचा नाद त्यांना जन्मभर. आपल्या माणसानं केलेली जात म्हणून मी हौसेनं आणली. वाढ अगदी मंद. अजून तिच्याबद्दल ठाम बोलण्याइतकी फुलं मला मिळालेली नाहीत.

चौथं एक कलम कुरिअरनं मागवलं होतं, त्याची कथा थोडक्यात सांगते. वरचा भरलेला डोळा, म्हणजे कलम केलेली चांगल्या जातीची कळी, वाळूनच आला होता आणि खालचा रानटी गुलाबाचा खुंट जोरात फुटला. फिकट हिरवी, बारीक, एका देठावर सात-सात पानं. नुसती पानं मोजून मात्र ठरवू नका, चांगल्या फांदीलाही कधी सात पानं येतात. फूट कुठून निघालीय ते माती बाजूला करून बघायचं. डोळ्याच्या गाठीच्या खालून असेल तर ती रानटी. कात्रीनं कापायची नाही, मुळापासून ओढून काढायची. नर्सरीवाल्यानं फोटो बघितले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. आता मी हातात धरून, गाठ बघूनच कलम घेते.

मातीचं म्हणाल तर आमच्या तांबड्या मातीत पाण्याचा निचरा चांगला, पण कस कमी. चांगलं कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड आणि साखर कारखान्याची जुनी प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यावर माझं भागतं. धाकट्या नणंदेनं निपाणीला याच जाती काळ्या मातीत लावल्या. तिच्याकडं नवी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. तिनं वाफे उंच केले, भरपूर कंपोस्ट घातलं आणि चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) फवारलं, तेव्हा कुठं रंग परतला. आमच्यात आणि तिच्यात अंतर तासा-दीड तासाचं, पण गुलाबाच्या हिशेबानं ते दोन मुलूख आहेत.

आता पाऊस. मृगापर्यंत सगळं बरं होतं. खरी परीक्षा जुलैतल्या तरण्या-म्हाताऱ्या पावसात. दिवसच्या दिवस ऊन नाही, नुसती झिमझिम. केनेडीच्या कळ्या फुगल्या, बाहेरच्या पाकळ्या ओल्या कागदासारख्या एकमेकींना चिकटल्या आणि कळी आतल्या आत कुजली. पास्काली तेवढ्यातही उमलायची, पण पाकळ्यांवर गुलाबी टिपके उठायचे. बारीक, गोल, काहींना कडेनं गडद वलय. शेजारच्या वैनी म्हणाल्या, ‘काय गोड नक्षी आहे हो!’ ती नक्षी म्हणजे बोट्रायटिस, राखाडी बुरशी. लाल गुलाबावर हे डाग सहसा नजरेत येत नाहीत, पांढऱ्यावर लपत नाहीत. दोन दिवसांत त्याच जागी पाकळी तपकिरी आणि लिबलिबीत होते. असं फूल दिसलं की खुडून पिशवीत घालायचं, झाडाखाली टाकायचं नाही, आणि फांद्यांमधून वारा खेळेल एवढी मोकळीक ठेवायची.

गंमत अशी की वैनींना पांढरं फूल हवं असतं ते श्रावणी सोमवारी, कपिलेश्वराला न्यायला. नेमकं तेव्हाच माझ्याकडं देवाला वाहावं असं एक फूल नसतं. आमचा माळी मला म्हणतो, ‘वैनी, पांढरा हत्ती पाळलाय की तुम्ही.’

पानांवरचे काळे ठिपके तर ठरलेलेच. खालची पानं आधी ठिपक्यांची, मग पिवळी, मग जमिनीवर. पडलेली पानं रोज उचलणं आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी घालणं, याला पर्याय नाही. उघडीप मिळेल तसं मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम फवारलं. कृषी केंद्रात हे मागायला गेलं तर तिथला पोरगा विचारतो, ‘आक्का, किती एकर?’ सगळे हिशेब दोनशे लिटरच्या बॅरलचे. द्राक्ष, टोमॅटो आणि उसाच्या गिऱ्हाइकांत चार झाडांची बाई म्हणजे विनोदच. पण औषधं तिथलीच ताजी असतात, तारीख बघून घ्या. केनेडीची कुंडी मी पत्र्याच्या शेडच्या कडेला सरकवली होती. ऊन कमी मिळालं, पण झाड वाचलं.

एक गोष्ट कुठं लिहिलेली सापडली नाही, ती आपल्या ऊसपट्ट्यातली आहे. पहिल्या वळवानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे निघतात. कडुनिंब-बाभळीवर बसतातच, गुलाबाची पानंही रातोरात चाळणी करतात. बॅटरी घेऊन जायचं, फांदी हलवायची, खाली रॉकेल टाकलेल्या पाण्याची बादली. फवारणीपेक्षा हे सोपं. आणि कच्चं शेणखत कितीही फुकट मिळो, घेऊ नका. त्यातूनच हुमणीच्या अळ्या मुळाशी येतात.

छाटणीचा मुहूर्त पुस्तकात ऑक्टोबर असतो. इथं परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत घुटमळतो, आणि ताज्या कापावर पाणी बसलं की फांदी वरून काळी पडत खाली वाळत येते. म्हणून आकाश निवळल्यावरच कात्री लावली, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप घेतला आणि वर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप). तिथून साधारण सहा-सात आठवड्यांत फूल. बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडल्या तर मधलं फूल हाताच्या तळव्याएवढं होतं. डिसेंबरच्या थंडीत केनेडीचं एक फूल झाडावर आठवडाभर टिकलं, मध्याशी हिरवट झाक तशीच. तेवढ्यासाठी पावसाळ्यातली सगळी कटकट मी माफ केली.

जानेवारीत कोवळ्या शेंड्यांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, येते. पाण्यात विरघळणारं गंधक सकाळी फवारायचं, निंबोळी तेलाच्या आगेमागे दोन आठवडे नाही, नाहीतर पानं करपतात. मार्चपासून फुलकिडे. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की बारीक पिवळसर किडे पळताना दिसतात. पाकळ्यांच्या कडा भाजल्यासारख्या होतात त्या त्यांच्यामुळं. त्यावेळी मी कळ्याच काढून टाकते, एप्रिलच्या उन्हातलं पांढरं फूल तसंही दुपारपर्यंत मान टाकतं. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारला की लाल कोळी आटोक्यात राहतो.

पहिल्यांदाच लावणार असाल तर पास्काली घ्या. मीही आणखी एक आणणार आहे. केनेडीची कुंडी नणंद मागतेय. निपाणीत पाऊस कमी, तिथं तो जास्त सुखात राहील, म्हणून देईन म्हणते. अट एकच, काळ्या मातीत उतरवायचा नाही, कुंडीतच ठेवायचा.