कोल्हापुरात राजारामपुरीतलं सोनोग्राफी सेंटर: थायरॉईडच्या गाठीसाठी कसं आहे?

थायरॉईडच्या गाठीत पुढचा सगळा उपचार सोनोग्राफीच्या रिपोर्टवर उभा असतो आणि इथला रिपोर्ट खरंच कामाचा असतो. गाठीची तिन्ही मापं, ती भरीव की पाण्याची, कडा, कॅल्शियमचे ठिपके, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का आणि शेवटी टायरॅड्स श्रेणी (गाठ कॅन्सरची असण्याचा संशय किती, ते सांगणारी टीआर 1 ते 5 अशी पायरी). नुसतं ‘गाठ आहे, एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) करा’ एवढ्यावरून सर्जनने काय ठरवायचं?

सुई टोचायची की नाही, हे श्रेणी आणि माप मिळून ठरतं. एसीआर या अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेच्या 2017 च्या टायरॅड्सप्रमाणे टीआर 5 ची गाठ 1 सेंमी, टीआर 4 ची 1.5 आणि टीआर 3 ची 2.5 सेंमी झाली की सुई. टीआर 1 आणि 2 ला सुई लागतच नाही, आणि अशांना इथे खरोखर तसंच घरी पाठवतात. आम्हाला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

गडहिंग्लज, चंदगडकडून येणाऱ्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आधीच करून, जुन्या फिल्म घेऊन यावं. टीएसएच कमी असेल तर आधी थायरॉईड स्कॅन (गाठ हार्मोन बनवते का ते दाखवणारी तपासणी), कारण जास्त हार्मोन बनवणारी गाठ क्वचितच कॅन्सरची निघते. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. त्याने टीएसएच खोटंच कमी येऊ शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, मनाने थांबवू नका.

सुई बारीक असते, सोनोग्राफीत बघतच घालतात, दोन-तीनदा. त्या वेळी गिळू नका, बोलू नका. नमुन्यात रक्तच जास्त आलं किंवा स्लाईड अल्कोहोलमध्ये टाकायला उशीर झाला की पेशी वाचता येत नाहीत. निदानाला साधारण दहा-दहा पेशींचे सहा पुंजके लागतात. ते नसले की बेथेस्डा 1 (सुईच्या रिपोर्टची 1 ते 6 अशी श्रेणी असते), म्हणजे पुन्हा सुई. इथे स्लाईड लगेच बुडवतात, पण नमुना पुरेसा आहे का ते जागेवर बघायला पॅथॉलॉजिस्ट नसतो.

मोठी उणीव एकच: मानेतल्या लिम्फ नोड्सबद्दल (कॅन्सर पसरू शकतो त्या लसिकाग्रंथी) विचारल्याशिवाय लिहीत नाहीत. ऑपरेशन किती मोठं करायचं ते त्यावर ठरतं, म्हणून आवर्जून लिहून घ्या.

बेथेस्डा 2, म्हणजे साधी गाठ, आलं आणि टीएसएच नॉर्मल असेल तर गाठ विरघळवायला थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) घेऊ नका. बेथेस्डा 4, म्हणजे साधी की कॅन्सरची हे सुईत न ठरणारी फॉलिक्युलर गाठ, आलं तर दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा सुई करून उत्तर मिळत नाही. गाठीचं आवरण फुटलंय का, हे सुईत कळत नाही. त्यासाठी बहुधा थायरॉईडची ती बाजू काढूनच तपासावी लागते.