सात महिन्यांनंतर: बाळाच्या खरेदीतलं काय वापरलं, काय पडून राहिलं

माझी तारीख जुलैची आणि बाळंतपण माहेरी, चिपळूणला. खरेदी मात्र मे महिन्यात पुण्यात केली, तुळशीबागेत, घाम पुसत. चूक तिथेच झाली. त्या उन्हात केलेली यादी कोकणातल्या पावसात कशी पुरणार? (बाळ यायच्या आधी घरात काही आणायचं नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून पिशव्या शेजारच्या काकूंकडे ठेवल्या होत्या.)

लंगोट 30 घेतले. दुकानदार म्हणाला, "ताई, खूप झाले." दुसऱ्याच आठवड्यात मुलगी दिवसाला पंधरा-सोळा ओले करायला लागली आणि एकेक वाळायला दोन-अडीच दिवस. माजघरात वलणी बांधून, पंखा लावूनही कुबट वास जाईना. त्यात वीज गेली की संपलंच. शेवटी आईने बुरुडाकडून नवं डालगं आणलं, पडवीत शेगडीवर उपडं घातलं आणि त्यावर लंगोट पसरले. थोड्याच वेळात खडखडीत! एकाच्या मधोमध पोळीवर पडतो तसा डाग पडला, तेवढं चालायचंच. शेगडी बाळंतिणीच्या बंद खोलीत आणायची नाही, यावर मात्र मी अडून बसले. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, पण जिवावर बेतू शकतो.

मग बाबांची दोन जुनी धोतरं फाडून आईने आणखी पंचवीस लंगोट शिवले. विकतच्या लंगोटांना सॅटिनच्या गुळगुळीत नाड्या होत्या. बाळाने दोन लाथा मारल्या की गाठ सुटायची. आईने धोतराच्याच पट्ट्या लावल्या, त्यांची सुरगाठ रात्रभर हलली नाही.

डायपरचे नवजात मापाचे दोन मोठे पुडे सेलमध्ये घेतले होते. ते माप 5 किलोपर्यंतचं. जन्माला 3.1 किलोची असलेली आमची बाई अडीच महिन्यांत त्याच्या पुढे गेली आणि एक पुडा न फोडताच चुलत जावेला दिला. या मापाचा एकच लहान पुडा घ्या.

झबली पुढून बांधायचीच घ्या. मी अर्धी डोक्यातून घालायची घेतली, दिसायला गोड म्हणून. मान धरत नसलेल्या बाळाला ती घालून बघा एकदा! चार महिने कपाटात पडून होती, बाहेर काढली तेव्हा आखूड झाली होती.

बाटल्या आणि त्या उकळायचं विजेचं यंत्र हा निव्वळ भुर्दंड. दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, पण मैत्रिणींच्या याद्यांना कोण बंदी घालणार? सहा महिने अंगावरचंच पाजलं. कधी दूध काढून ठेवावं लागलं तर मावशीने दिलेलं चांदीचं बोंडलं पुरलं, धुवायलाही सोपं. मोहरीची उशीही तशीच पडून आहे, डॉक्टरांनी उशी नकोच म्हणून सांगितलं.

पैसे वसूल झाले ते मलमलच्या सहा दुपट्यांचे. गुंडाळायला, अंग पुसायला, पाजताना आडोसा म्हणून, प्रवासात पांघरायला. धुवून धुवून इतकी मऊ झालीत की नवीन दुपटं अंगावर घातलं की मुलगी कुरकुरते. खाली घालायच्या तीन रबरी शीटही रोजच्या वापरात आहेत. अशी वस्तू कौतुकाने कोणी भेट देत नाही, आपणच आणावी लागते.

नखं कापायची छोटी कात्री, थर्मामीटर: हवेतच.

आता नणंदेची तारीख एप्रिलअखेरची आहे, नागपूरला. तिने माझी यादी मागितली, मी अर्धी खोडून पाठवली. तिथल्या उन्हात लंगोट तासाभरात वाळतील, वीस पुरेत. धोतराचे पंचवीस आहेतच, तेच धुवून बांधून ठेवलेत, डागाचा एक सोडून. दुपटी मात्र मिळणार नाहीत हे आधीच कळवलंय. त्यातलं एक आत्ताही मुलीच्या मुठीत आहे.