मिशिगनच्या शालेय पत्रकारांची संस्था: पारितोषिकांहून मोलाचे काही

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील शालेय वृत्तपत्रे, वार्षिकांक आणि चित्रफिती यांना एकत्र आणणारी 'मिशिगन इंटरस्कोलॅस्टिक प्रेस असोसिएशन' १९२१ साली स्थापन झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवरील अशीच एक संस्था उभी राहिली. मिशिगनच्या संस्थेचा कारभार आज मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातून चालतो. उन्हाळी निवासी कार्यशाळा, वार्षिक स्पर्धा आणि उत्कृष्ट प्रकाशनांसाठी 'स्पार्टन' हा सर्वोच्च सन्मान, या तिच्या ठळक सेवा.

स्पर्धांमुळे मुलांना हुरूप येतो, हे खरेच. पण माझ्या मते या संस्थेचे खरे मोल मार्गदर्शक शिक्षकांना एकमेकांचा आधार मिळवून देण्यात आहे. १९८८ च्या हेझलवूड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सबळ शैक्षणिक कारण असल्यास शाळेच्या वृत्तपत्रातील मजकुरावर मुख्याध्यापकांना नियंत्रण ठेवता येते, असा निकाल दिला. तेव्हापासून एखादी अडचणीची बातमी छापायची की नाही, या पेचात शिक्षक अनेकदा एकटा पडतो.

मिशिगनमधील युटिका येथे २००२ साली असाच पेच उभा राहिला. शाळेच्या बसगाड्यांच्या धुरामुळे आजारी पडल्याचे सांगत शेजारच्या कुटुंबाने शिक्षण प्रशासनाविरुद्ध दावा दाखल केला होता. त्याविषयी एका विद्यार्थिनीने लिहिलेली बातमी 'द ॲरो' या शालेय पत्रातून काढायला लावण्यात आली. पुढे २००४ साली संघराज्य न्यायालयाने ही काटछाट घटनाबाह्य ठरवली. निकालाचा भर ज्यावर होता, ती गोष्ट फार बोलकी आहे: या पत्राचा मजकूर ठरवण्याचे काम प्रत्यक्षात वर्षानुवर्षे विद्यार्थीच करत आले होते. अशी प्रथा एका दिवसात पडत नाही. संपादकीय निर्णय मुलांच्या हाती सोपवणारा आणि त्यांना पडताळणी शिकवणारा शिक्षक त्यासाठी लागतो. असे शिक्षक घडावेत, टिकावेत, यासाठी राज्यभराचे संघटन हवे आणि ते काम ही संस्था निष्ठेने करते.

उणीवही याच रचनेत आहे. सारी व्यवस्था मार्गदर्शक शिक्षकाभोवती उभी असल्याने, ज्या शाळेत पत्रकारितेचा तासच नाही तिथल्या होतकरू मुलांपर्यंत तिचा हात सहजी पोहोचत नाही; शिवाय निवासी कार्यशाळेचा खर्च प्रत्येक घराला झेपेलच असे नाही. पारितोषिकांच्या यादीत आणखी एखादा प्रकार वाढवण्याआधी संस्थेने या मुलांचा विचार करायला हवा.